रॉक गिटारचा आवाज आणि गाळलेले '२अब'

आमच्या शाळेत स्नेहसंमेलनाच्या तालमी चालू होत्या. नववीतल्या एका मुलाने 'डीप पर्पल' या इंग्लिश रॉक वाद्यवृंदाच्या 'स्मोक ऑन द वॉटर' या गाण्याची सुरुवातीची धून की-बोर्डवर बसवली होती. धून तशी सोपी आहे. चारच स्वर आहेत: सा, कोमल ग, म आणि तीव्र म. मात्र प्रत्येक स्वराबरोबर त्याच्या खालचा आणखी एक स्वर जोडीने वाजवायचा असतो. मुलाने की-बोर्डवर 'डिस्टॉर्शन गिटार' हा आवाज निवडला होता. एक पट्टी दाबली की अगदी हुबेहूब गुरगुरणारी गिटार ऐकू यायची. पण दोन पट्ट्या एकत्र दाबल्या की सगळी मजा जायची. दोन माश्या दोन वेगळ्या बाटल्यांत गुणगुणाव्यात तसे काहीतरी वाजायचे.

संगीताच्या बाईंना वाटले, पट्ट्या चुकत असतील. त्या तपासून झाल्या, बरोबर होत्या. मुलाला वाटले, आपलाच हात बसलेला नाही. तिसऱ्या दिवशी तो कार्यक्रमातून नाव काढून घ्यायला आला आणि जाता जाता आम्हाला म्हणाला, "सर, दोन्ही स्वर बरोबर आहेत. एकेकटे वाजवले तर छान वाटतात. मग एकत्र वाजवले की बिघडतं काय?"

आम्ही दोघे विज्ञान शिक्षक तिथे उभे होतो. "अरे, स्पीकर लहान आहे, त्यामुळे असेल," असे सांगून आम्ही वेळ मारून नेली. त्या रात्री घरी जाताना आमचे आम्हालाच ते उत्तर पटेना. स्पीकर लहान असेल तर एकटा स्वरही वाईट वाजायला हवा. त्याचे नाव आम्ही यादीतून काढू दिले नाही आणि उत्तर शोधायला लागलो. शोधता शोधता असे लक्षात आले, की हा प्रश्न आपण तरंगांच्या धड्यात शिकवतो त्या अध्यारोपणाच्या तत्त्वाशी जाऊन भिडतो. अगदी खरे सांगायचे तर ते तत्त्व जिथे लागू पडत नाही, त्या जागेशी भिडतो.

मूळ आवाज कुठून आला?

आधी मूळ गाण्याकडे जाऊ. १९७१ च्या डिसेंबरात डीप पर्पलची मंडळी स्वित्झर्लंडमधल्या माँट्रो या तलावाकाठच्या गावी ध्वनिमुद्रणासाठी आली होती. तिथल्या कॅसिनोच्या सभागृहात ते काम व्हायचे होते. पण ४ डिसेंबरला त्याच सभागृहात फ्रँक झॅपा यांचा कार्यक्रम चालू असताना प्रेक्षकांतल्या कोणीतरी ज्वाळेची गोळी उडवली आणि कॅसिनो जळून गेला. तलावाच्या पाण्यावर पसरलेल्या त्या धुरावरून गाण्याला नाव मिळाले. या गाण्याचा वाद्यमेळ पॅव्हिलियन नावाच्या नाट्यगृहात मुद्रित झाला. आवाजाच्या तक्रारींमुळे पोलीस तिथे येऊन थडकले, म्हणून पुढचे काम हिवाळ्यात बंद असलेल्या ग्रँड हॉटेलात झाले. १९७२ मध्ये 'मशीन हेड' या तबकडीवर गाणे प्रसिद्ध झाले.

सुरुवातीची धून वाजवणारे रिची ब्लॅकमोर यांच्या हातात फेंडर कंपनीची स्ट्रॅटोकॅस्टर गिटार होती. ती दोन शेजारच्या तारांवर वाजते. पहिली जोडी मोकळ्या तारांची आहे. खालची १४६.८ हर्ट्झची, वरची १९६ हर्ट्झची. वरच्या स्वराला 'सा' म्हटले तर खालचा मंद्र पंचम होतो. म्हणजे दोहोंचे प्रमाण ३:४ आहे. आपल्या वाचकांना हे अंतर ओळखीचे वाटेल, कारण तानपुऱ्याची पहिली तार आणि तिच्या शेजारची जोडीची तार यांच्यात हेच अंतर असते. धूनभर हे प्रमाण कायम राहते. वरचा स्वर सरकला की खालचाही तितकाच सरकतो. आणखी एक बारकावा असा, की ब्लॅकमोर ही धून पट्टीने, म्हणजे प्लेक्ट्रमने, वाजवत नाहीत. ते बोटांनी दोन्ही तारा एकाच क्षणी ओढतात. हा बारकावा पुढे उपयोगी पडेल.

आता तार ते कान हा प्रवास पाहू. विद्युत गिटारच्या तारांखाली 'पिकअप' असतो. चुंबक आणि त्याभोवती बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे, एवढीच त्याची रचना. वरची पोलादी तार चुंबकाच्या सान्निध्याने स्वतःही चुंबकित होते. ती हलली की वेटोळ्यातून जाणाऱ्या बलरेषा बदलतात आणि वेटोळ्यात विद्युतदाब निर्माण होतो. फॅरेडेचे हेच प्रवर्तन आपण दहावीत शिकवतो. पिकअप तारेच्या कोणत्या जागी आहे याला फार महत्त्व आहे. स्ट्रॅटोकॅस्टरची कंप पावणारी तार सुमारे ६४८ मिलिमीटर लांब असते आणि मानेजवळचा पिकअप पुलापासून जवळजवळ चौथाई लांबीवर असतो. मोकळ्या तारेच्या चौथ्या उपस्वराचा निस्पंद बिंदू नेमका तिथेच पडतो, म्हणून तो उपस्वर या पिकअपला जवळजवळ ऐकूच येत नाही. पुलाजवळच्या पिकअपला वरचे उपस्वर चांगले मिळतात, त्यामुळे तो आवाज धारदार वाटतो.

पिकअपचा संकेत प्रवर्धकात जातो, तिथून स्पीकरला. गिटारच्या प्रवर्धकातला नेहमीचा १२ इंची स्पीकर साधारण ५,००० हर्ट्झच्या वरचे फारसे वाजवतच नाही. हा दोष वाटतो, पण तो नसता तर रॉक गिटार कानाला सोसली नसती. घरच्या चांगल्या स्टिरिओला डिस्टॉर्शनचा संकेत थेट जोडला तर करवत चालल्यासारखा आवाज येतो.

छाटणी

या साखळीतली सर्वांत महत्त्वाची कडी प्रवर्धकात आहे. व्हॉल्व्हचा प्रवर्धक एका मर्यादेपलीकडे विद्युतदाब देऊ शकत नाही. त्याच्यात फार मोठा संकेत घातला की तरंगाचे माथे आणि तळ छाटले जातात. सुरुवातीला ही चूकच मानली जाई. मग वादकांना ती आवडू लागली. १९५८ मध्ये लिंक रे यांनी आपल्या स्पीकरला भोके पाडली, १९६४ मध्ये 'किंक्स' या वृंदाच्या डेव्ह डेव्हिस यांनी स्पीकरचा पडदा दाढीच्या पात्याने चिरला. पडदा फाडणे ही काही छाटणी नव्हे, पण परिणाम त्याच जातीचा होतो. १९६२ पासून हेच काम करणारी पायाने चालवायची पेटी बाजारात मिळू लागली आणि स्पीकर फाडायची गरज संपली.

छाटणीने दोन गोष्टी होतात. एक म्हणजे स्वर लांबतो. समजा तारेच्या कंपाचा आयाम १००, ५०, २५, १२, ६ असा उतरत गेला आणि छाटणीची मर्यादा ५ असेल, तर बाहेर येणारा आवाज सगळा वेळ ५ च राहतो. म्हणून रॉक गिटारचा स्वर सनईसारखा टिकतो. दुसरी गोष्ट, सपाट माथ्याच्या तरंगात नवे उपस्वर येतात. वर-खाली सारखी छाटणी असेल तर मूळ वारंवारतेच्या ३, ५, ७ पट. असमान असेल तर २, ४, ६ पटही. एकट्या १९६ हर्ट्झच्या स्वराचे ५८८, ९८० असे साथीदार तयार होतात. ते सगळे मूळ स्वराशी जुळतेच असतात, त्यामुळे एकटा स्वर श्रीमंत वाटतो. की-बोर्डवर एक पट्टी दाबल्यावर जो छान आवाज येत होता तो हाच.

इथवर सगळे पुस्तकी आहे. गंमत दोन स्वर एकत्र आल्यावर सुरू होते.

आधी बेरीज की आधी छाटणी?

आकड्यांनीच पाहू. छाटणीची मर्यादा ५ धरा. म्हणजे +५ च्या वर आणि −५ च्या खाली काहीही जाणार नाही. एका क्षणी पहिल्या तारेचा संकेत ४ आणि दुसरीचा ३ आहे. दोन्ही तारांना आपापला वेगळा प्रवर्धक दिला तर दोन्ही संकेत मर्यादेत आहेत, छाटणी होतच नाही, आणि बेरीज ७ येते. आता दोन्ही तारा एकाच प्रवर्धकात घाला. आधी बेरीज होते, ७. मग छाटणी होते, ५.

पुढच्या क्षणी पहिली तार ४ वरच आहे, दुसरी −३ वर गेली. वेगवेगळ्या प्रवर्धकांतून १ येतो, एकत्र प्रवर्धकातूनही १ च. म्हणजे दुसऱ्या तारेने ३ पासून −३ पर्यंत ६ घरांची झेप घेतली, पण एकत्र प्रवर्धकाने ती फक्त ४ घरांची दाखवली. का? कारण त्या वेळी पहिली तार वर होती. पहिली तार शून्यावर असती तर पूर्ण ६ घरे दिसली असती. एका तारेचा आवाज दुसरी तार कुठे आहे यावर अवलंबून राहू लागला. तळ्यात दोन दगड टाकले तर वर्तुळे एकमेकांतून काही न घडल्यासारखी निघून जातात, असे आपण सांगतो. इथे तसे होत नाही; इथे लाटा एकमेकींना धक्का देतात.

हेच बीजगणितात अधिक नीट दिसते. प्रवर्धक सरळ असेल तर बाहेरचा संकेत आतल्या संकेताचा नुसता काही पट असतो. छाटणारा प्रवर्धक तसा सरळ नसतो. त्याच्या फलितात आतल्या संकेताच्या वर्गाचा, घनाचा आणि पुढच्या घातांचा काही अंश मिसळतो. आत अ आणि ब असे दोन स्वर घातले तर वर्गाच्या पदातून (अ + ब)² येते. दोन स्वर वेगवेगळे छाटून मग मिसळले तर मिळते फक्त अ² + ब². आठवीच्या वर्गात दर वर्षी निम्मी मुले (अ + ब)² चे उत्तर अ² + ब² असे लिहितात आणि आपण लाल शाईने २अब लिहून देतो. मुलाच्या की-बोर्डने नेमकी तीच चूक केली होती. मधले २अब त्याने गाळले होते.

हे २अब कसे ऐकू येते? अ आणि ब हे दोन कोसाइन तरंग मानले तर अकरावीच्या त्रिकोणमितीतले सूत्र आठवावे: २ × कोसाइन क × कोसाइन ख = कोसाइन (क − ख) + कोसाइन (क + ख). गुणाकारातून दोन नवे स्वर जन्मतात, एक वजाबाकीचा आणि एक बेरजेचा. आपल्या जोडीत खालचा स्वर सोयीसाठी १४७ हर्ट्झ धरू, म्हणजे प्रमाण अचूक ३:४ होईल. वजाबाकी ४९ हर्ट्झ, बेरीज ३४३ हर्ट्झ. घनाच्या पदात ३अ²ब आणि ३अब² असतात; त्यांतून २ × १४७ − १९६ = ९८ आणि २ × १९६ − १४७ = २४५ हे स्वर मिळतात. छाटणी वर-खाली अगदी सारखी असेल तर वर्गाचे पद येत नाही, पण घनाचे येतेच.

आता हे आकडे ४९ ने भागून पाहा: १४७ म्हणजे ३ पट, १९६ म्हणजे ४ पट, ९८ म्हणजे २ पट, २४५ म्हणजे ५ पट, ३४३ म्हणजे ७ पट. सगळे एकाच कुटुंबातले निघाले, आणि त्या कुटुंबाचा कर्ता ४९ हर्ट्झ म्हणजे वरच्या 'सा'च्या दोन सप्तके खालचा 'सा'. कोणीही न वाजवलेला खर्ज धूनच्या पायाखाली उभा राहतो, आणि धून सरकली की तोही बरोबर सरकतो. गिटारचा स्पीकर ४९ हर्ट्झ नीट वाजवत नाही हे खरे. पण ९८, १४७, १९६, २४५ अशी ओळ ऐकली की आपला कान ४९ ची जागा स्वतःच भरून काढतो. छाटणी न झालेल्या बेरजेचा आकारही सेकंदाला ४९ वेळा पुन्हा येतो, पण तिच्यात ९८ किंवा २४५ हर्ट्झची ऊर्जा नसते. ती छाटणीनेच येते.

२४५ या आकड्यावर आम्ही जरा जास्त रेंगाळलो. १९६ ला ५/४ ने गुणले की २४५ येतात, म्हणजे हा 'सा'चा शुद्ध गांधार आहे. तानपुरा छान जुळला की खर्जाच्या तारेतून जो स्वयंभू गांधार उमटतो, त्याच्याच गोत्राचा हा. मार्ग मात्र वेगळा. तानपुऱ्यात जवारीमुळे तार पुलाच्या बाकदार पृष्ठभागाला घासत कंप पावते आणि वरचे उपस्वर उठून दिसतात. या वाद्यांच्या पुलाचा अभ्यास चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ मध्ये प्रसिद्ध केला होता. जवारी हीसुद्धा एक प्रकारची असरळ क्रिया आहे. फरक असा, की तानपुऱ्यात प्रत्येक तारेची जवारी तिची तिची असते आणि तारांची बेरीज जवळजवळ नंतर होते. म्हणून तानपुरा भरदार असूनही स्वच्छ राहतो. रॉक गिटारमध्ये बेरीज आधी आणि ओरखडा नंतर.

गिटार सिंथेसायझरने काय केले?

हा क्रम गिटार सिंथेसायझरच्या इतिहासात फार महत्त्वाचा ठरला आहे. गिटारने सिंथेसायझर चालवायचा तर कोणता स्वर वाजला हे यंत्राला कळले पाहिजे. सहा तारांचा संकेत एकत्र असला की ते ओळखणे अवघड होते. म्हणून पुलाजवळ सहा छोटे पिकअप बसवतात, प्रत्येक तारेला एक. जपानच्या रोलंड कंपनीने १९७७ मध्ये जीआर-५०० आणि १९८० मध्ये जीआर-३०० अशी यंत्रे आणली. जीआर-३०० चा तुतारीसारखा आवाज अमेरिकन जॅझ वादक पॅट मेथेनी यांनी गाजवला. सहा तारांचे सहा संकेत हाताशी आल्यावर प्रत्येक तार वेगळी छाटायची सोय होणे साहजिकच होते. वादक तिला 'हेक्सा-फझ' म्हणतात. तिने सहा तारांचा भरगच्च मेळही स्वच्छ वाजतो, कारण २अब येतच नाही. हा आवाज स्वतंत्रपणे सुंदर आहे, पण तो १९७२ च्या रॉकचा नव्हे.

१९८३ मध्ये मिडी ही वाद्ये जोडण्याची सामायिक भाषा आली. तिच्यात गिटारची तार 'अमुक स्वर, अमुक जोराने' एवढ्या निरोपात उतरते आणि आवाज यंत्राच्या साठ्यातून येतो. १९९१ च्या जनरल मिडी यादीत ३१ व्या क्रमांकावर 'डिस्टॉर्शन गिटार' आहे. मुलाने निवडलेला आवाज याच जातीचा होता. तो तयार करताना एकेक स्वर आधीच छाटून साठवलेला असतो. दोन स्वर मागितले की यंत्र दोन छाटलेले स्वर मिसळून देते. गिटारकडून मिडीकडे जाताना आणखी एक अडचण येते. स्वर ओळखायला तरंगाची निदान दोन आवर्तने पाहावी लागतात. सर्वांत जाड तार ८२.४ हर्ट्झची, म्हणजे एका आवर्तनाला १२ मिलिसेकंद, दोनाला २४. तेवढ्या वेळात ध्वनी ८ मीटर जातो. वादकाला आपलीच गिटार सभागृहाच्या पलीकडून वाजल्यासारखी वाटते.

१९९५ मध्ये रोलंडने व्हीजी-८ हे वेगळ्या वाटेने जाणारे यंत्र आणले. ते स्वर ओळखायच्या फंदात पडत नाही. सहा तारांचे खरे संकेतच घेऊन ते गणिताने त्यांना हव्या त्या पिकअपचा, हव्या त्या जागेचा रंग देते. मग त्यांची बेरीज करून ती गणितातल्या प्रवर्धकात आणि स्पीकरमध्ये घालते. क्रम मूळ साखळीचाच राहतो, म्हणून २अब जागच्या जागी येते.

तारसुद्धा गणितातली चालते, हे त्याआधीच दिसले होते. केव्हिन कार्प्लस आणि अलेक्झांडर स्ट्राँग यांनी १९८३ मध्ये एक विलक्षण सोपी कृती प्रसिद्ध केली. सेकंदाला ४४,१०० आकडे वाजवणारे यंत्र घ्या. १४७ हर्ट्झच्या तारेसाठी ४४,१०० ÷ १४७ = ३०० आकड्यांची एक रांग करा आणि तिच्यात कोणतेही आकडे भरा. पुढचा आकडा वाजवा; तो आणि त्याच्या मागचा यांची सरासरी काढून रांगेच्या शेपटाला लावा. असेच चालू ठेवा. रांग ३०० ची असल्याने तोच नमुना सेकंदाला सुमारे १४७ वेळा फिरून येतो, आणि सरासरीमुळे खडबडीतपणा हळूहळू मिटत जातो. ऐकायला अगदी छेडलेली तार. १९६ हर्ट्झसाठी रांग २२५ ची. चार्ल्स सलिव्हन यांनी १९९० मध्ये ही कृती विद्युत गिटारपर्यंत नेली: अशा अनेक तारांची आधी बेरीज, मग छाटणी, आणि स्पीकरचा आवाज पुन्हा तारेला हलवतो तो परिणामही त्यांनी जोडला.

शाळेत काय झाले

आमच्या एका माजी विद्यार्थ्याकडे सहा पिकअपवाला गिटार सिंथेसायझर होता. तो घेऊन आला. मुलाला गिटारही थोडीफार येत होती. पहिल्या प्रयत्नात मिडीचा आवाज लावला: तीच बाटल्यांतली माशी, वर उशीर. मग प्रत्येक तार वेगळी छाटून पाहिली. आवाज स्वच्छ आणि मोठा, पण खर्ज नाही. शेवटी छाटणी बेरजेनंतर ठेवली, पुलाजवळचा पिकअप आणि १२ इंची स्पीकर निवडला, आणि मोकळ्या दोन तारा छेडल्या. खोलीतल्या कपाटाची काच थरथरली. संगीताच्या बाई दारातून म्हणाल्या, "आता खालचा सा कोण देतंय?"

तरीही काहीतरी कमी होते. प्लेक्ट्रमने वाजवताना तारा एकामागून एक लागत होत्या आणि मधल्या क्षणभर एकटाच स्वर छाटला जात होता. बोटांनी दोन्ही तारा एकदम ओढल्यावर पहिल्या क्षणापासून जोडीचा आवाज आला.

ज्यांच्याकडे असे यंत्र नाही त्यांच्यासाठी स्वस्त उपाय निघाला तो असा. की-बोर्डवर 'डिस्टॉर्शन गिटार'ऐवजी स्वच्छ गिटारचा आवाज लावायचा आणि की-बोर्डमधून बाहेर येणारी एकच तार डिस्टॉर्शनच्या पेटीतून स्पीकरकडे न्यायची. बेरीज की-बोर्डच्या आत होते, छाटणी बाहेर. संमेलनात मुलाने धून अशीच वाजवली, कारण सिंथेसायझरचा मालक त्या दिवशी परगावी होता. आवाज आधी अगदी कमी ठेवावा. छाटलेला संकेत लहान स्पीकरला आणि कानांना दोघांनाही जड जातो.

वर्गात संगणक असेल तर ऑडॅसिटी या मोफत प्रणालीवर हे सर्व तपासता येते. १४७ आणि १९६ हर्ट्झचे दोन शुद्ध स्वर तयार करा. एकदा दोन्ही वेगवेगळे छाटून मिसळा, एकदा मिसळून छाटा. मग दोहोंच्या वर्णपटाचा आलेख काढून ९८ आणि २४५ हर्ट्झवर टोक दिसते का ते पाहा. पहिल्यात ते नसावे, दुसऱ्यात असावे. आलेख काढण्याआधी मुलांकडून अंदाज लिहून घ्यावा. आमच्या वर्गातल्या बहुतेकांनी दोन्ही आलेख सारखे येतील असे लिहिले होते.

संमेलन झाल्यावर आठवड्याने तो मुलगा पुन्हा आला. सिंथेसायझर परत मिळाला होता. या वेळी त्याने वरची जोडी, म्हणजे १९६ ची तार आणि तिच्या शेजारची २४६.९ ची, छाटणी लावून वाजवून दाखवली. हा सा आणि शुद्ध ग. आवाज खडखडत होता. "चौथ्या सुराला खर्ज मिळतो, मग गांधाराला का नाही?" असा त्याचा प्रश्न. या वेळी आम्ही स्पीकरला दोष दिला नाही. फळ्यावर मांडले: १९६ × ५ = ९८०, २४६.९४ × ४ = ९८७.८. हे दोन उपस्वर सेकंदाला जवळजवळ ८ विस्पंद देतात, आणि छाटणीने तेच उपस्वर मोठे केलेले असतात. वजाबाकीचा स्वरही ४९ ऐवजी ५०.९ वर पडतो, कुटुंबाबाहेर. सा-मंद्र पंचमाच्या जोडीत गिटारच्या पडद्यांची चूक इतकी किरकोळ आहे, की विस्पंद दीड सेकंदाला एक पडतो. रॉक वादक छाटणी लावल्यावर बहुधा फक्त षड्ज-पंचम आणि षड्ज-मध्यम जोड्याच का वाजवतात, ते यावरून कळते.

मुलाने थोडा वेळ फळ्याकडे पाहिले, मग खुंटीकडे हात नेला. दुसरी तार किंचित सैल केली, पुन्हा छेडली, आणखी किंचित सैल केली. खडखड मंदावत मंदावत थांबली आणि खाली ४९ हर्ट्झचा सा उमटला. तारजुळवणीच्या मापकावर तार सुमारे २४५ वर होती.